कमी किरणांत जास्त उजेड

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला 'विज्ञान आणि आपण' या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले आहे. प्रथमच कबूल करतो, मी विज्ञानाचा पदवीधर नाही. मी बी.ए., बी.एड. माणूस. मराठी आणि भूगोल हे माझे विषय. तरीही मी आज क्ष-किरणांविषयी, म्हणजे आपण ज्याला रोजच्या बोलण्यात एक्स-रे म्हणतो त्याविषयी, आणि त्याची प्रतिमा ज्या पदार्थामुळे उमटते त्या पदार्थाविषयी बोलणार आहे. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. एका चुकीची भरपाई म्हणून तो मला शिकावा लागला. ती चूक आधी सांगतो. ज्यांची ही हकीकत आहे, त्या पालकांची आणि त्यांच्या मुलीची परवानगी मी घेतली आहे. नावे मात्र सांगणार नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतील सहावीची एक मुलगी पेरूच्या झाडावरून पडली आणि तिचे उजव्या हाताचे हाड कोपराच्या वर मोडले. डॉक्टरांनी हाड बसवले, प्लास्टर घातले आणि सांगितले की, आठ दिवसांनी या, पुन्हा फोटो काढून पाहू. आठवड्याने तिचे अब्बा मला रस्त्यात भेटले. सायकलवरून उतरून म्हणाले, "सर, पोरीचा आणखी एक फोटो काढायला सांगितलाय. मोहल्ल्यात लोक म्हणतात, हे किरण अंगात मुरतात, मुलीच्या जातीला पुढे त्रास होतो. तुम्ही शिकलेले आहात. काय करू?"

आता या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तसे मी सांगावयास हवे होते. "मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाच विचारा," एवढे शब्द पुरे होते. पण शिक्षकाला 'ठाऊक नाही' म्हणणे फार जड जाते. मी म्हणालो, "एक्स-रे उगाच जास्त काढू नयेत, एवढे मात्र खरे." वाक्य खोटे नव्हते. पण त्या माणसाने त्यातून जो अर्थ घ्यावयाचा तो घेतला. ते मुलीला घेऊन गेलेच नाहीत. प्लास्टरच्या आत हाड थोडे सरकले होते, ते वेळीच दिसले असते तर पुन्हा बसवता आले असते. प्लास्टर निघाले तेव्हा कोपर वाकडे जुळलेले होते. मुलगी लिहू शकते, काम करू शकते. पण हात सरळ सोडला की तो आत वळलेला दिसतो. त्या वाकड्या हातात माझ्या अर्धवट वाक्याचा वाटा आहे.

तीच मुलगी नववीत माझ्या वर्गात आली. एके दिवशी भूगोलाच्या तासाला भूगर्भातील खनिजांचा विषय निघाला असता तिने हात वर केला, तोच हात, आणि विचारले, "सर, एक्स-रेचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत ना? मग फोटो कसा उमटतो?" या वेळी मी शहाणा झालो होतो. म्हणालो, "मला ठाऊक नाही. शोधून सांगतो." आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी पुस्तके दिली, अडले तेथे समजावले. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

न दिसणाऱ्याला दिसते करणारा पदार्थ

८ नोव्हेंबर १८९५ या दिवशी जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन हे प्राध्यापक अंधाऱ्या खोलीत एका काचेच्या नळीतून वीज सोडून प्रयोग करीत होते. नळी काळ्या कागदाने पूर्ण झाकलेली होती. तरी थोड्या अंतरावर ठेवलेला एक पडदा मंद चमकू लागला. त्या पडद्याला बेरियम प्लॅटिनोसायनाइड नावाच्या पदार्थाचा लेप होता. उजेड नळीतून बाहेर पडतच नव्हता. म्हणजे न दिसणारे असे काही तरी कागदातून आरपार येत होते आणि पडद्याला चमकवीत होते. राँटगेन यांनी त्याला 'एक्स' म्हटले, कारण गणितात अज्ञाताला आपण 'क्ष' म्हणतो. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी दिसते. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही.

मित्रहो, येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. शोध लागला तो किरणांचा. पण तो लागला कशामुळे? पडद्यावरच्या चमकणाऱ्या पदार्थामुळे. अशा पदार्थाला 'सिंटिलेटर' म्हणतात. लॅटिन भाषेत सिंटिला म्हणजे ठिणगी. क्ष-किरण अंगावर आला की जो ठिणगीसारखा उजेड देतो, तो सिंटिलेटर.

ठिणगीत काय घडते तेही सांगतो. क्ष-किरणाचा एक कण पदार्थातील एखाद्या जड अणूवर आदळतो आणि त्यातला इलेक्ट्रॉन उखडून बाहेर फेकतो. तो इलेक्ट्रॉन धावताना वाटेतल्या इतर अणूंना धक्के देत जातो. त्यातून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात. हे सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी कोठे तरी विसावतात आणि विसावताना आपली उरलीसुरली ऊर्जा उजेडाच्या रूपाने टाकतात.

याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. समजा, क्ष-किरणाचा एक कण म्हणजे साठ हजार रुपयांची एक नोट. ही नोट बाजारात चालत नाही, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसत नाही. हिरव्या-पिवळ्या उजेडाचा एक कण म्हणजे सुमारे सव्वादोन रुपयांचे नाणे. सिंटिलेटर ही नोट मोडून नाणी देतो. सीझियम आयोडाइड नावाच्या एका उत्तम सिंटिलेटरमध्ये या एका नोटेची सुमारे तीन हजार नाणी मिळतात. तीन हजार नाण्यांचे सात हजार रुपयेही होत नाहीत. बाकीचे कोठे गेले? मोडणाऱ्याने वटावात कापले! ती ऊर्जा पदार्थातच उष्णता होऊन जाते. तरीही हा सौदा फायद्याचा, कारण नोट कोणाला दिसत नव्हती. नाणी दिसतात आणि मोजता येतात.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे: बहुतेक वेळा फोटो किरणांनी उमटतच नाही, तो उजेडाने उमटतो. जुन्या काळची फिल्म दोन चमकणाऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबून ठेवीत. फिल्म काळी पडे ती मुख्यतः त्या पडद्यांच्या उजेडामुळे. आजच्या बहुतेक डिजिटल यंत्रांतही वर सिंटिलेटरचा थर असतो आणि खाली त्याचा उजेड टिपून विजेचे संकेत करणारी पाटी असते.

एका मेंढपाळ पोराची गोष्ट

हा पडदा फिल्मला लावण्याची कल्पना १८९६ सालच्या आरंभीच अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी वापरली. बंदुकीचे छर्रे हातात घुसलेला एक माणूस त्यांच्याकडे आला होता. नुसत्या फोटोच्या काचेवर प्रतिमा घ्यावयाची तर हात फार वेळ हलवता कामा नये, आणि त्या माणसाला वेदनेमुळे ते शक्य नव्हते. प्युपिन यांनी काचेवर चमकणारा पडदा ठेवला. जे काम कितीतरी वेळ घेत असे ते काही सेकंदांत झाले. छर्रे स्पष्ट दिसले आणि शल्यचिकित्सा झाली.

हे प्युपिन कोण? सर्बियन शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी गावच्या गुरांची राखण केलेला. त्यांच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते. पण मुलाने शिकलेच पाहिजे, हा तिचा हट्ट. १८७४ साली हा मुलगा एकटा न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला तेव्हा त्याच्या खिशात फक्त पाच सेंट होते. शेतावर मजुरी केली, कारखान्यात काम केले, रात्री अभ्यास केला आणि पुढे तो कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला. माता-भगिनींनो, ज्या आईला स्वतःची सही करता येत नव्हती, तिच्या हट्टाचा उपयोग पुढे जगभरच्या रुग्णांना झाला. 'आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?' असे ज्यांना वाटते, त्यांनी ही एक गोष्ट घरी घेऊन जावी.

भीती खोटी नव्हती

आता त्या अब्बांच्या भीतीकडे वळू. ती भीती निराधार होती काय? नाही. १८९६ मध्येच एडिसन यांनी चमकणारा पदार्थ शोधण्यासाठी शेकडो पदार्थ तपासले आणि कॅल्शियम टंगस्टेट हा उत्तम ठरवला. तो पुढे सुमारे पाऊणशे वर्षे जगभरच्या दवाखान्यांत वापरात राहिला. पण या कामात एडिसन यांचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली दिवसेंदिवस स्वतःचे हात किरणांत धरीत असे. त्याचे हात भाजले, कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. त्याची ही दशा पाहून एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम सोडून दिले होते. त्या काळच्या अशा लोकांच्या दुःखातून जगाने धडा घेतला.

मात्र धडा अर्धवट घेऊ नये. किरण 'अंगात मुरत' नाहीत. दिवा विझवला की उजेड खोलीत साठून राहत नाही, तसेच यंत्र बंद झाले की किरण संपले. अपाय होतो तो जाता जाता पेशींना लागलेल्या धक्क्यांमुळे, आणि तो मात्रेवर अवलंबून असतो. मात्रा मोजण्याचे एकक आहे मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, हवेतून, अन्नातून आणि आकाशातून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतके किरण आपोआप मिळतच असतात. छातीच्या एका एक्स-रेमध्ये जे मिळते, ते निसर्गातून काही दिवसांत मिळते तेवढेच. हाताच्या किंवा कोपराच्या एका फोटोत तर निसर्गाकडून काही तासांत मिळते तेवढेच. काही तास! त्या तासांच्या भीतीने एक हात जन्माचा वाकडा झाला. याच्या उलट पोटाच्या सी.टी. स्कॅनमध्ये दोन-तीन वर्षांत निसर्गाकडून मिळेल इतकी मात्रा एकदम मिळू शकते. म्हणून तो गरजेशिवाय करू नये, आणि लहान मुलांच्या बाबतीत अधिकच विचार करावा. कारण त्यांच्या वाढत्या पेशी नाजूक असतात आणि त्यांच्यापुढे आयुष्यही लांब असते.

तात्पर्य, भीती पूर्ण खोटी नव्हती. तिचे माप चुकले होते. आणि जगातले वैज्ञानिक याच भीतीला उत्तर शोधीत आहेत. प्रश्न एकच: किरण कमी वापरून चित्र तितकेच स्पष्ट कसे मिळवावे?

जाड थर की पातळ थर?

यात एक मोठी पंचाईत आहे. किरण वाया जाऊ नयेत म्हणून सिंटिलेटरचा थर जाड करावा, तर आत झालेला उजेड बाहेर येईपर्यंत चहूकडे पसरतो. टीपकागदावर शाईचा थेंब टाकला की तो जसा फैलावतो, तसेच. मग केसाएवढी बारीक चीर चित्रात पुसून जाते. थर पातळ करावा, तर चित्र स्वच्छ, पण बहुतेक किरण न अडता निघून जातात आणि रुग्णाला जास्त किरण द्यावे लागतात.

पहिली वाट अशी निघाली की अधिक जड अणू वापरावे, म्हणजे तेवढ्याच थरात किरण जास्त अडतात आणि उजेडही जास्त मिळतो. १९७० नंतरच्या दशकात गॅडोलिनियम या दुर्मिळ धातूच्या संयुगात टर्बियमचा अंश मिसळलेले पडदे आले आणि किरणांची गरज जवळजवळ निम्म्यावर आली. दुसरी वाट अधिक सुंदर. सीझियम आयोडाइड निर्वात पात्रात तापवून त्याची वाफ काचेवर बसवली, तर ते सपाट न बसता उभ्या सुयांसारखे वाढते. लावणी झालेल्या भाताच्या खाचरासारखे! प्रत्येक सुई केसाहूनही बारीक. सुईत निर्माण झालेला उजेड तिच्याच भिंतींवर परावर्तित होत सरळ खाली उतरतो, शेजारच्या सुईत फारसा शिरत नाही. त्यामुळे थर जाड ठेवूनही चित्र स्पष्ट राहते. आज अनेक दवाखान्यांतील डिजिटल यंत्रांत असे सुयांचे थर असतात.

आता पाळी नॅनोची

गेल्या काही वर्षांत संशोधक याहूनही खोल उतरले आहेत. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. डोक्याचा एक केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आता दहा नॅनोमीटर लांबी-रुंदी-उंचीचे स्फटिक बनवून त्यांचाच सिंटिलेटर करतात.

इतके लहान केल्याने काय साधते? एक म्हणजे पारदर्शकता. दुधातून आरपार दिसत नाही, कारण त्यातील स्निग्ध कण उजेड विखुरतात. साखरेच्या पाण्यातून मात्र स्वच्छ दिसते, कारण साखरेचे रेणू उजेडाच्या लहरीपेक्षा फारच लहान असतात. उजेडाची लहर सुमारे पाचशे नॅनोमीटर लांब. त्यापुढे दहा नॅनोमीटरचा स्फटिक साखरेच्या रेणूसारखा वागतो; उजेड त्याला अडखळत नाही. दुसरे म्हणजे रंग. इतक्या लहान स्फटिकात त्याचा आकार बदलला की उजेडाचा रंग बदलतो. अशा कणांच्या शोधासाठी २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बवेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह या तिघांना मिळाले. तिसरे म्हणजे वेग. काही नॅनोस्फटिकांची ठिणगी क्षणात पेटून क्षणात विझते, मागे रेंगाळत नाही. एकापाठोपाठ एक चित्रे घेणाऱ्या यंत्रांना याचे मोल फार. नाही तर आधीच्या चित्राची सावली पुढच्यावर पडते.

२०१८ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील शिओगांग लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीझियम, शिसे आणि ब्रोमिन यांच्यासारख्या मूलद्रव्यांच्या नॅनोस्फटिकांचे सिंटिलेटर प्रसिद्ध केले. नेहमीच्या वैद्यकीय प्रतिमेत जितके किरण वापरतात, त्याच्या सुमारे चारशेव्या भागाइतक्या मंद किरणांचीही चाहूल या पदार्थाला लागली. २०२१ साली चीनमधील फुजौ आणि सिंगापूर येथील संशोधकांनी वेगळ्या प्रकारचे नॅनोकण रबरासारख्या लवचीक पट्टीत मिसळले. ही पट्टी वाकड्या-तिकड्या वस्तूभोवती गुंडाळता येते. तिच्यावर पडलेले चित्र दोन आठवड्यांहून अधिक काळ आत साठून राहते आणि पट्टी गरम केली की उजळून दिसते. एका मिलिमीटरात वीस रेषांच्या जोड्या वेगळ्या ओळखता येतील इतकी तिची बारकाई. हे वाचताना मला कोपर आठवले. वाकलेले कोपर सपाट पाटीवर कधी नीट बसत नाही. लवचीक पट्टी त्याच्याभोवती बसेल!

२०२२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी वेगळीच युक्ती केली. पदार्थ जुनाच ठेवला, पण त्याच्या पृष्ठभागावर नॅनो मापाच्या छिद्रांची जाळी कोरली. उजेडाचा बराच भाग पदार्थाच्या आतच परावर्तित होऊन अडकतो. जाळीमुळे त्याला बाहेर पडण्याची वाट मिळाली आणि उजेड सुमारे दहा पट वाढला. स्वीडनमधील लुंड येथे तर अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्यातील नॅनो छिद्रांत सिंटिलेटर भरून त्याच्या बारीक तारा वाढवल्या आहेत. सुयांचीच कल्पना, पण कितीतरी बारीक.

मग हे दवाखान्यात का नाही?

विद्यार्थी मित्रांनो, वर्तमानपत्रात 'नवा शोध' असे वाचले की हा प्रश्न नेहमी विचारावा. चाहूल लागणे वेगळे आणि डॉक्टरांना निदान करता येईल असे चित्र मिळणे वेगळे. अडचणी बऱ्याच आहेत.

पहिली अडचण पृष्ठभागाची. गणित करून पाहा. एक सेंटिमीटरच्या घनाचे सहा पृष्ठभाग, म्हणजे सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे घन केले तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर होतो. साखरेच्या खड्याएवढ्या वस्तूत साडेचार कबड्डीच्या मैदानांएवढा पृष्ठभाग! आणि पृष्ठभागावरच्या अणूंना बाहेरच्या बाजूला शेजारी नसतात. तेथे खळगे राहतात, त्यांत ऊर्जा अडकते आणि उजेड न होता वाया जाते. म्हणून प्रत्येक कणाला सेंद्रिय रेणूंचे पांघरूण घालावे लागते.

दुसरी अडचण, एका कणाने दिलेला उजेड शेजारचा कणच गिळतो. थर जाड केला की हे वाढते. तिसरी, यातील काही स्फटिक दमट हवेत टिकत नाहीत. आपल्या कोकणातल्या पावसाळ्याची कल्पना करा! चौथी, त्यांत शिसे आहे आणि शिसे विषारी. म्हणून तांबे आणि आयोडीन यांची शिसेविरहित संयुगे तपासली जात आहेत. त्यांतील काही आपलाच उजेड फारसा गिळत नाहीत. पाचवी, हातरुमालाएवढा सलग आणि सारखा थर स्वस्तात बनवणे. प्रयोगशाळेतील चिमूटभर पूड आणि दवाखान्यातील यंत्र यांच्यामध्ये अशी पुष्कळ वर्षांची मेहनत उभी असते.

ही मेहनत फक्त परदेशातच चालते असे नाही. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात सोडियम आयोडाइड, सीझियम आयोडाइड आणि गॅडोलिनियमयुक्त सिंटिलेटरचे मोठे एकसंध स्फटिक वाढवले जातात. याच केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून चालू आहे. तेथे जाण्याचा रस्ता एम.एस्सी. किंवा अभियांत्रिकीच्या पदवीतून जातो, आणि त्या पदवीचा रस्ता आपल्या शाळेच्या आठवी-नववीच्या बाकावरून. आणखी एक गोष्ट. १९०९ साली मँचेस्टर येथे रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन हे अंधारात बसून पडद्यावरच्या ठिणग्या डोळ्यांनी एकेक मोजीत असत. त्या मोजणीतूनच पुढे १९११ मध्ये अणूच्या केंद्रकाचा शोध लागला. मार्सडेन तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्याजवळ होते ते डोळे, चिकाटी आणि मोजलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची सवय. या तीन गोष्टी विकत घ्याव्या लागत नाहीत.

पालकांना विनंती

आता पालकांना चार गोष्टी सांगतो; त्या घरी लक्षात ठेवाव्यात. डॉक्टरांनी तपासणीसाठी फोटो पुन्हा काढावयास सांगितला तर भीतीने टाळू नका. मोठा स्कॅन सांगितला तर अदबीने विचारा, 'साहेब, याची गरज किती? सोनोग्राफीने भागेल का?' असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. जुने फोटो आणि अहवाल एका पिशवीत जपून ठेवा व प्रत्येक वेळी बरोबर न्या, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागणार नाही. घरातील स्त्री गरोदर असेल, किंवा तशी शंका असेल, तर फोटोपूर्वी निःसंकोच सांगा. आणि पाचवी गोष्ट माझ्यासारख्यांसाठी: ज्या विषयातले आपल्याला कळत नाही, त्यात शिकलेल्या माणसाच्या थाटात अर्धे उत्तर देऊ नका.

शेवटी त्या मुलीविषयी. हे सारे मी तिच्या घरी जाऊन तिच्या अब्बांना सांगितले. आधी माफी मागितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, तुमच्या या नव्या पदार्थांनी माझ्या पोरीचा हात सरळ होईल?" मी म्हणालो, "नाही. पण शस्त्रक्रियेने होऊ शकेल का, ते जिल्ह्याच्या ठिकाणी हाडांच्या डॉक्टरांना विचारू. मी येतो बरोबर." आम्ही गेलो. डॉक्टरांनी सांगितले, हात बराचसा सरळ करता येईल. मात्र आधी आणि नंतर मिळून पाच-सहा फोटो लागतील. मी काही बोलणार तोच अब्बा म्हणाले, "काढा साहेब. किती तासांचे ते मला ठाऊक आहे."

शस्त्रक्रिया या सुट्टीत व्हावयाची आहे. मुलगी सध्या अकरावीला विज्ञान शाखेत आहे आणि प्रवेशाच्या अर्जावर सही तिच्या अब्बांनी स्वतः केली आहे. परवा ती मला म्हणाली, "सर, त्या खळग्यांचे मला नीट समजले नाही. पुन्हा सांगा." मी सांगितले, "मलाही अर्धेच समजले आहे. उरलेले तू शिक आणि मला येऊन सांग."